पाचव्या रिळातली सहा चित्रं

सिनेमाचा ऑपरेटर हा सगळ्यांत जास्त सिनेमे लावणारा आणि सगळ्यांत कमी सिनेमे पाहणारा माणूस असतो. लोकांना वाटतं, याची काय चंगळ आहे, रोज फुकटात सिनेमा. अहो, कसला सिनेमा? पडद्यावर हिरो मरत असतो आणि आमचा जीव दिव्यात अडकलेला असतो. आमच्या काळी मशीनमध्ये बल्ब नसायचा. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, त्यांच्या टोकांमध्ये वीज पेटवायची आणि त्या उजेडावर सगळा खेळ चालवायचा. कांड्या जळून आखूड होतात, म्हणून त्या सारख्या पुढे सरकवत राहायचं. विसरलात की पडद्यावर अंधार आणि प्रेक्षकांत शिट्ट्या. एक रीळ दहा मिनिटं चालतं. ते संपत आलं की चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका दोनदा चमकून जातो. तो ठिपका फक्त आमच्यासाठी असतो. पहिला दिसला की शेजारच्या मशीनची मोटर सुरू करायची, दुसरा दिसला की या मशीनचं झाकण पाडून त्याचं उघडायचं. आजही घरात टीव्ही लागला की माझी बायको म्हणते, "बघा, हे परत कोपऱ्यात बघत बसलेत."

संपादकांनी पत्रात लिहिलंय की आखातातल्या जुन्या दिवसांवर लिहा. त्यांना तेल, वाळू आणि उंट हवे असणार. उंटाशी माझा कधी संबंध आला नाही. तेलाशीही आला नाही. मी कतारमध्ये होतो तो दुखानला, पश्चिम किनाऱ्यावरच्या तेल कंपनीच्या कॅम्पात, सिनेमा ऑपरेटर म्हणून. पन्नास सालानंतरची दहा-बारा वर्षं. त्यातल्या एकाच सिनेमाबद्दल लिहितो, कारण तेवढा एकच मी धड पाहिला.

आमचं थिएटर म्हणजे चुना फासलेली एक मोठी भिंत, समोर बाकडी आणि मागे माझी पत्र्याची केबिन. छत नाही. गुरुवारी साहेब लोकांचा खेळ, शुक्रवारी आम्हा लोकांचा. आम्ही म्हणजे हिंदुस्थानी, पाकिस्तानी, आणि कतारी ड्रायव्हर-चौकीदार. सूर्यास्तानंतरची, मगरिबची नमाज झाली की मशीन सुरू. वाऱ्याचा दिवस असला तर वाळू फिल्मच्या वाटेत शिरायची आणि हिरॉईनच्या गालावर ओरखडे पाडायची. मी दर रिळानंतर दात घासायच्या ब्रशने ती वाट साफ करायचो. माझ्या हातून परत गेलेल्या फिल्मवर नवा ओरखडा सापडणार नाही, ही माझी ऐट होती. दुसरी ऐट म्हणजे मी कात्री लावायचो नाही. बरेच ऑपरेटर हिरॉईनची दोन-चार चित्रं कापून पाकिटात ठेवायचे आणि मित्रांना वाटायचे. मला ती चोरी वाटायची, आणि आहेच ती. शुक्रवारी चुंबनबिंबन आलं तर कापायचं नाही, लेन्ससमोर तळहात धरायचा. तसा वरून हुकूमच होता. पडदा काळा, गाणं चालू, आणि तीनशे माणसं माझ्या नावाने खडे फोडतायत. चुंबन किती वेळ चालेल ते अंदाजाने ओळखायचं. यातसुद्धा कसब आहे, हसू नका.

सिनेमे विमानाने यायचे. बाहेरचा एक एजंट पत्र्याच्या पेट्या पाठवायचा, तीन-चार दिवसांनी आम्ही त्या परत करायच्या. एका आठवड्यात आम्ही मागवला होता घोडे आणि बंदुकांचा इंग्रजी सिनेमा. पेटी उघडली तर आत भलतंच. डब्यांवरची नावं फ्रेंच, फिल्म जुनाट, कडा पिवळ्या पडलेल्या. एजंटच्या गोदामात पेट्यांची अदलाबदल झाली होती. मी रिळाच्या टोकाच्या कोऱ्या पट्टीचा नखाएवढा तुकडा काढून बाहेर नेऊन काडी लावली. भसकन पेटला. लढाईपूर्वीची, म्हणजे एकोणचाळीस सालाआधीची फिल्म अशीच असते, बारुदच म्हणा ना. त्या दिवसापासून मी केबिनमध्ये पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळूची एक ठेवली आणि विडी बंद केली.

गुरुवारी साहेब लोक दुसऱ्या रिळालाच उठून क्लबात गेले. एकच माणूस शेवटपर्यंत बसला. तो मोरिस, ड्रिलिंगवरचा फ्रेंच मेकॅनिक. पन्नाशीचा, तोंडात कायम विझलेला पाईप. खेळ संपल्यावर तो केबिनमध्ये आला, मशीनवर हात ठेवला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला की हा सिनेमा मी बायकोबरोबर पाहिला होता. नुकतं लग्न झालं होतं. लढाईच्या आदल्या वर्षी, अगदी नवा लागला होता तेव्हा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे सगळं त्या एका वाक्यावर उभं राहिलं.

शुक्रवारसाठी दुसरा सिनेमा नव्हता. मोरिसकडून मी गोष्ट समजून घेतली आणि खेळाआधी माईकवर हिंदीत सांगितली. सिंगापूरची गोष्ट. तिथे एक इंग्रज न्यायाधीश जातो, बंदरावरच्या हॉटेलात गाणाऱ्या बाईच्या प्रेमात पडतो, तिच्या भावावर खुनाचा आळ येतो आणि खटला नेमका या न्यायाधीशाच्याच समोर. फाशी द्यायची की बाई राखायची, असा पेच. मी म्हटलं, "बाकी आप लोग समझ लेना." लोकांनी समजून घेतलंही. प्रेमाला आणि फाशीला भाषा लागत नाही.

पण दुखानला आमची कोकणातली चाळीसेक माणसं होती, रत्नागिरी-रायगडकडची, आणि त्यांतले निम्मे बोटीवर नोकऱ्या करून आलेले. सिंगापूर त्यांनी आपल्या गल्लीसारखं पाहिलेलं. त्यांना कुठे दम निघतो? "हा पूल कुठला रे? सिंगापुरात असला पूल नाय." "ते बघ, बाईच्या मागची माडाची झाडं. माडाला पानं अशी असतात काय? कागदाची हायत." खरंच होती. मोरिसने सांगितलं होतं की हे सगळं सिंगापूर पॅरिसजवळच्या एका स्टुडिओत बांधलं होतं. गल्ल्या लाकडाच्या, दुकानं पुठ्ठ्याची. माणसं मात्र खरी हवीत, म्हणून बंदरांवरून कोण मिळतील ते काळे-सावळे लोक धरून आणले. चिनी, मलबारी, अरब, कुणीही.

पाचव्या रिळात सज्ज्यावर चुंबन होतं. मी तळहात धरला, मनात मोजलं आणि काढला. खाली रस्ता. बाईच्या भावाला बेड्या घालून शिपाई नेतायत, दोन्ही बाजूंना गर्दी. गर्दीत डोक्यावर टोपली घेतलेला एक माणूस उभा. शिपायाने त्याला बंदुकीच्या दस्त्याने मागे रेटला आणि तो वळून थेट आमच्याकडे बघायला लागला.

बाकड्यांवरून हशा फुटला. "अरे हसन! हसन, तू तिथे काय करतोस?" "सिंगापूरला कधी गेलास रे, सुट्टी घेऊन?" टाळ्या, शिट्ट्या. कारण पडद्यावर आमचा हसन होता. हसन म्हणजे आमच्या मेसचा स्वयंपाकी, जयगडच्या खाडीकडच्या एका गावचा, तीस वर्षांचा. तेच रुंद कपाळ, तीच एका बाजूला कललेली भुवई, तेच खालच्या ओठाचं पुढे येणं. हसन तिसऱ्या बाकड्यावर बसून सगळ्यांबरोबर हसत होता. तेवढ्यात पडद्यावरचा माणूस बोलला. फ्रेंच सिनेमात, सिंगापूरच्या रस्त्यात, आमच्या खाडीच्या बोलीत.

"ढकलतंस कशाला?"

दोनच शब्द. नंतर शिपायांचे बूट आणि वाद्यं. पण आमची चाळीस माणसं गप्प झाली. बाकीचे हसतच होते, त्यांना काय कळणार. मी कांडी सरकवायला विसरलो, पडदा पिवळा पडला आणि शिट्ट्या सुरू झाल्या. माझ्या नोकरीत असं फार वेळा झालेलं नाही.

खेळ सुटल्यावर हसन केबिनमध्ये आला. मला वाटलं, खूश असेल. तो म्हणाला, "दाऊदभाई, ता रीळ परत लाव." चेहरा पाहून मी म्हटलं, उद्या दुपारी ये, मेसचं काम उरकून. आम्ही दोघं बोलायचो ते खाडीकडच्या बोलीत. इथे वाचकांसाठी मी ती बरीच सोपी करून लिहितोय.

शनिवारी दुपारी तो आला. केबिनचा पत्रा तापून आत भट्टी झालेली. उघड्या थिएटरात दिवसा सिनेमा दिसत नाही, म्हणून मी रीळ गुंडाळायच्या टेबलावर चढवलं. त्या टेबलात काच बसवलेली असते, खालून दिवा. हाताने रीळ फिरवत नेलं आणि गर्दी आल्यावर थांबलो. फिल्मवरचं एकेक चित्र टपालाच्या तिकिटाएवढं. हसनने भिंगातून पाहिलं. पाच मिनिटं तरी पाहत राहिला असेल.

"माझा बापूस हाय," तो म्हणाला.

"तुला कसं कळलं? तू केवढा होतास?"

"चार वर्षांचा. तोंड आठवत नाय. पण हे तोंड मी रोज दाढी करताना बघतो."

मग त्याने सगळं सांगितलं. बाप इस्माईल बोटीवर आगवाला होता. बोटीच्या पोटात, इंजिनाच्या भट्टीत कोळसा ओढणाऱ्याला आगवाला म्हणतात. हसन चार वर्षांचा असताना बापाचा जिवलग दोस्त गनी, त्याच बोटीवरचा, एकटाच घरी आला. म्हणाला, फ्रान्सच्या बंदरात इस्माईलला ताप आला आणि तो गेला, तिथेच माती दिली. हसनच्या आईने विधवेची इद्दत, म्हणजे दुसऱ्या निकाहाआधी थांबायचे दिवस, पाळली. दोनेक वर्षांनी गनीनेच तिला मागणी घातली, निकाह झाला. हसन सहा वर्षांचा होता. गनीने त्याला पोटच्या मुलासारखा वाढवला. पुढे दोन भाऊ, एक बहीण झाली. हसन गनीला बाबा म्हणायचा. "बाबाचा मार एकदाच खाल्लाय, तोही होडीतून उडी मारली म्हणून," असं तो अभिमानाने सांगायचा.

"मोरिससाहेब काय म्हणाला? सिनेमा कधीचा?" त्याने विचारलं.

मी सांगितलं, लढाईच्या आदल्या वर्षी नवा होता.

हसनने बोटांवर मोजलं. लढाई सुरू झाली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. म्हणजे आईचा दुसरा निकाह झाला तेव्हा बाप जिवंत होता आणि पुढेही काही वर्षं पॅरिसात टोपली डोक्यावर घेऊन उभा होता. तो उठून दारात जाऊन उभा राहिला.  मग म्हणाला, "दाऊदभाई, नवरा जिवंत असताना बाईचा निकाह होत नाय. माझी आय पंचवीस वर्षं कुणाच्या घरात राहते हाय? आणि माझी भावंडं कोण?"

मुसलमान नसलेल्या वाचकांना हे कदाचित लांबचं वाटेल. त्या माणसाला ते लांबचं नव्हतं. त्याच्या आईची पाचही वक्तांची नमाज कधी चुकत नव्हती. तिच्या अख्ख्या संसारावर हराम हा शब्द येऊन बसायची वेळ आली होती आणि हे फक्त तिच्या मुलाला आणि मला ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात मेसच्या डाळीत मीठ पडायचं राहिलं, एकदा दोनदा पडलं. कुणी त्याला बोललं नाही. आमच्या लोकांना अंदाज आला होता.

पत्र लिहायची सोय नव्हती. आईला वाचता येत नव्हतं. गावात पत्र आलं की कुणीतरी ओटीवर बसून मोठ्याने वाचायचं आणि निम्मा मोहल्ला ऐकायचा. हसनची सुट्टी वर्षाने होती, माझी दोन महिन्यांवर. त्याच दुपारी केबिनमध्ये तो म्हणाला, "तू जा. बाबाला एकट्याला गाठ. निकाह दुरुस्त हाय का, हलाल हाय का, एवढंच विचार. आयेला काय कळता नये. मी गेलो तर माझ्या तोंडातून निघेल." आणि मग म्हणाला, "पण बाबाला दाखवायला काय तरी पायजे. नाय तर तो म्हणेल, कुणीतरी सारखा दिसणारा असेल."

मी म्हटलं, कात्री लावणार नाही. तो नुसता टेबलाजवळ बसून राहिला, दिव्यावरच्या त्या काचेकडे बघत. पेटी दुसऱ्याच दिवशी, रविवारच्या विमानाने जायची होती. मी कात्री काढली.

सहा चित्रं कापली. तोंड उघडं असलेली, डोळे नीट दिसणारी. दोन्ही टोकं पात्याने खरवडली, फिल्म चिकटवायचा मसाला लावला, दाबून जोडली. पडद्यावर फक्त एक बारीकसा धक्का दिसेल. पट्टी हसनच्या हातात दिली तेव्हा त्याने कानाशी नेल्यासारखी केली आणि विचारलं, "बोलतो ता पण आलं ना यात?"

नव्हतं आलं. हे बाहेरच्यांना माहीत नसतं. फिल्मच्या कडेला आवाजाची एक बारीक रेघ असते, पण चित्राच्या शेजारी त्याच चित्राचा आवाज नसतो. मशीनमध्ये चित्र दाखवायची जागा आणि आवाज वाचायची जागा वेगळी, म्हणून आवाज वीस चित्रं पुढे छापलेला असतो. त्या सहा चित्रांच्या कडेला होते ते शिपायांचे बूट. बापाचे दोन शब्द रिळातच राहिले होते. हसन म्हणाला, "मग ता पण काप." मी नाही म्हटलं. तेवढं कापलं असतं तर सेकंदभराची गर्दी गेली असती आणि एजंटने पकडलं असतं. शिवाय मशीनशिवाय ती रेघ नुसती रेघच, तिचा त्याला उपयोग काय, असंही मी त्याला समजावलं. माझं सगळं बरोबर होतं. पण आज वाटतं, द्यायला हवी होती. तो तुकडा त्याने कुठल्या मशीनला लावला नसता, नुसता जवळ ठेवला असता.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं की पाचवं रीळ तुटलेलं आलं, जोडून परत केलं. ते खोटं इंग्रजीत लिहिलं म्हणून कमी टोचलं. पेटी गेली. कुणाची तक्रार आली नाही. मी ती सहा चित्रं पत्र्याच्या डबीत ठेवली, चुलीपासून लांब, आणि दोन महिन्यांनी बोटीने मुंबई आणि तिथून रत्नागिरी गाठली.

हसनच्या घरी गेलो तेव्हा गनीचाचा अंगणात जाळं दुरुस्त करत होते. साठीचा माणूस, हाताला मोठमोठे घट्टे, बोलणं हळू. चाची, म्हणजे हसनची आई, आतून ओरडल्या, "हसनचा दोस्त आला काय? बसव त्याला, चाय करते." मी चाचांना म्हटलं, जरा कुंपणाकडे येता का, हसनचा निरोप आहे. कुंपणापाशी मी डबी उघडली आणि पट्टी आभाळासमोर धरली. सांगितलं काहीच नाही.

त्यांनी पाहिलं आणि पट्टी माझ्या हातातून घेतली. "इस्माईल," ते म्हणाले. मग पट्टी डोळ्यांजवळ नेऊन, "बारीक झालाय."

मी सगळं सांगितलं. सिनेमा, मोरिस, लढाईच्या आदलं वर्ष. हसनचा प्रश्नही सांगितला, जसाच्या तसा. ते खाली दगडावर बसले.

"तो मेला नाय, ता मला माहीत हाय," ते म्हणाले. "मीच खोटं बोललो."

त्यांनी सांगितलं ते असं. बंदरात बोट लागली असताना इस्माईल त्यांना धक्क्यावर घेऊन गेला. त्याच्या पाठीवर भट्टीने भाजल्याचे फोड होते. तो म्हणाला, मी आता त्या आगीत परत उतरणार नाय. गावी गेलो तरी पुन्हा बोटच, मला दुसरं काय येतं? मी इथेच राहीन, काय मिळेल ते करीन. मी परत येणार नाय, तर ती कशाला अडकून राहू दे. आणि तिथेच, दोन खलाशांना साक्षीला ठेवून, त्याने बायकोला तलाक दिला. गनीला म्हणाला, तिला जाऊन सांग.

"मी सांगणारच होतो," चाचा म्हणाले. "आलो तर ती ओटीवर बसली होती, हसन मांडीवर. मला बघून हसली. दोघांत एकटा का आलास, विचारलान. माझ्या तोंडातून तलाक हा शब्द येईना. नवऱ्याने टाकलेली म्हणून मोहल्ल्यात कशी राहिली असती? मेलेल्याची बायको म्हणून सगळी मान देतात. म्हणून मी त्याला मारला."

मी विचारलं, "आणि निकाह?"

"विधवा म्हणून तिने चार महिने दहा दिवस इद्दत पाळलान. तलाकची इद्दत त्यापेक्षा कमी. मी मुंबईत जाऊन मौलवींना विचारलं, नाव न सांगता. मगच मागणी घातली, तीही दोन वर्षं थांबून. हसनला सांग, तुझ्या आयेच्या निकाहात काय खोट नाय. खोट असेल तर माझ्या जिभेत हाय, तिची मला तिथे वर शिक्षा होईल. तिला सांगायचं की नाय, ता हसनने ठरवावं."

मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. मनात म्हटलं, चला, पोराचा जीव भांड्यात पडेल. आणि तेवढ्यात चाची चहाची कपबशी घेऊन कुंपणापर्यंत आल्या. चाचांच्या हातात पट्टी तशीच होती. ती लपवायचं सुचलंच नाही दोघांनाही.

"काय ता?"

"सिनेमाची फिल्म," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी कपबशी माझ्या हातात दिली, पट्टी घेतली आणि उजेडासमोर धरली. डोळे बारीक केले. मी चाचांकडे बघितलं, चाचा जमिनीकडे बघत होते. मी कपबशी कुंपणावर ठेवली.

चाची हसायला लागल्या. "माझा हसन सिनेमात कधी गेला? आणि डोक्यावर टोपली कसली घेतलान? तोंड उघडं ठेवून उभा हाय, लहानपणी असाच उभा राहायचा."

 त्या पट्टी घेऊन शेजारणीला दाखवायला गेल्या. जाता जाता मला विचारलं, तिथे त्याला खायला नीट मिळतं ना, जरा उतरलेला दिसतो. मी म्हटलं, तोच सगळ्यांना खायला घालतो, चाची. इस्माईलबरोबर ज्या बाईने सहा वर्षं संसार केला, तिला तो ओळखू आला नाही, कारण त्याच्या जागी आता मुलगा उभा होता. पट्टी परत मागायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी ती कपाटाच्या काचेला आतून चिकटवली.

सुट्टी संपवून मी परतलो. उम्म सईदच्या बंदरात उतरलो आणि कंपनीच्या ट्रकमधून दुखानला आलो. वाटभर मी मनात वाक्यं जुळवत होतो, कुठलं आधी सांगायचं, कुठलं नंतर. चाचांनी मला काही लपवायला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, सगळं सांगणंच बरं. खरं सांगतो, मला त्या बातमीचा अभिमानच वाटत होता. एवढी मोठी गाठ सोडवून आणली होती मी.

हसन मेसच्या मागच्या पायरीवर बसून कांदे सोलत होता. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. धक्का, फोड, दोन साक्षीदार, मौलवी, इद्दतीचे दिवस. आईने पट्टी पाहून काय म्हटलं तेही सांगितलं. त्याने हातातला कांदा खाली ठेवला नाही. आईच्या निकाहाचं ऐकून "अल्हम्दुलिल्ला" म्हणाला, मनापासून. खांदे खाली आले. मी म्हटलं, आता निवांत झोप. खलास, मिटलं सगळं.

त्याने हातातला कांदा सोलून संपवला. आतून कुणीतरी हाक मारली, "हसन, यल्ला, तेल तापलंय." तो उठला, पायरीवरचे कांदे परातीत भरले आणि दारापाशी जाऊन माझ्याकडे वळला. तीच कललेली भुवई, तोच ओठ.

"दाऊदभाई, आयेला तलाक दिलान. साक्षीदार ठेवून, नीट दिलान," तो म्हणाला. "मला काय दिलान?"

निकाहाबद्दल मी चाचांना नीट विचारून घेतलं होतं. मुलाबद्दल काही बोलला का, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.